साइडपट्टीवरचं गवत

जुलै लागला की खड्डे भरायला ट्रॅक्टर निघतो. ट्रॉलीत मुरूम, मुरमावर दोन मजूर, मागे मोटारसायकलवर मोबाइल सरसावलेले साहेब. खड्ड्यात पाणी, पाण्यात मुरूम, त्यावर फावड्याच्या पाठीनं दोन थापट्या, की फोटो! फोटोत अक्षांश-रेखांश उमटतात, खड्ड्याची खोली तेवढी उमटत नाही. संध्याकाळच्या एसटीनं तोच मुरूम टपरीवाल्याच्या चहात कालवलेला असतो.

नव्यानं रुजू झालेल्या शाखा अभियंत्यांना फुकटचा सल्ला: खड्डा नंतर बघा. आधी डांबराच्या कडेला उकिडवे बसा. साइडपट्टीवर गवत माजलंय, गवतात गाळ अडकलाय आणि रस्त्यापेक्षा दोन बोटं उंच असा छान बांध तयार झालाय. सात मीटर रुंद रस्त्याला अडीच टक्के कॅम्बर दिला, तर मध्य कडेपेक्षा जवळपास ९ सेंटीमीटर उंच हवा. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनंही मोजता येतं. पण हा उतार कागदाबरहुकूम असला, तरी पाणी जाऊन जाऊन जाणार कुठे? ते कडेला तुंबतं, भेगेतून खाली झिरपतं, खडीचा थर भिजवतं. मग वरून वाळूचा डंपर जातो (त्यात वाळू होती, हे अर्थात कुणीच पाहिलेलं नसतं). चाकाच्या दाबानं आतलं पाणी खडीवरचं डांबर सोलून काढतं. झाला खड्डा.

मुकादमाला सांगून बघा. तो म्हणेल, ‘‘साहेब, गवत काढायचा आयटम टेंडरात नाय.’’ देखभालीच्या कामात तो असतो हो! फक्त गवत काढण्याच्या शुभारंभाला आमदार येत नाहीत.

परभणी-हिंगोलीकडच्या काळ्या मातीचं दुखणं आणखी निराळं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथं नुसता वरचा थर बदलून काही होत नाही. खाली चांगल्या मुरमाचा जाड थर हवा आणि चर तर हवाच हवा.

आता खड्डा. कडा उभ्या कापून तो चौकोनी करा, सैल माल काढा, कोरडा करा. टॅक कोट तळाला मारा तसा कडांनाही मारा, कारण पाणी पुन्हा शिरतं ते त्याच सांध्यातून. थराथरानं भरा, प्रत्येक थर दाबा. भर पावसात कोल्ड मिक्स चालतं, पण तेही तळ्यात ओतायचं नसतं. हॉटमिक्सला घाई असते: व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश गरम हवा आणि तो ९० च्या खाली उतरण्याआधी रोलिंग उरकायला हवं. टिपर ताडपत्रीविना रेल्वे फाटकावर ताटकळला असेल, तर माल परत पाठवा. त्यासाठी साइटवर थर्मामीटर लागतो. तो ऑफिसच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली रजेवर.

आणि दुरुस्तीचं नवं अंदाजपत्रक करण्याआधी जुनी फाइल उघडा. दोषदायित्व कालावधी चालू असेल, तर हा खड्डा ठेकेदारानं स्वखर्चानं भरायचा आहे. तो कालावधी संपायला किती दिवस उरलेत, हे त्याला तोंडपाठ असतं. तुम्हीही पाठ करा.