जरा थांबवतो हं!

प्रत्येक सोसायटीत एक रिमोटराव असतातच. तुमच्या सोसायटीत नसले तर सासुरवाडीला असतील. सिनेमा बघायला म्हणून माणसं घरी बोलवायची, चिवड्याच्या बशा हातात द्यायच्या, दिवे घालवायचे, पंखा एकवर आणायचा आणि मग सिनेमा तेवढा बघू द्यायचा नाही, हा त्यांचा शनिवारचा कार्यक्रम.

आमचे रिमोटराव टेलिफोन खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर मुलानं त्यांना भिंतभर टीव्ही घेऊन दिला. मुलगा स्वतः बंगळुरूला असतो, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. रिमोटरावांकडे सिनेमे पुष्कळ आहेत म्हणतात. आम्ही मात्र एकच पाहतोय, ‘२००१: अ स्पेस ओडिसी’. पाहतोय म्हणजे अजून चालूच आहे.

हा सिनेमा आला १९६८ साली. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक, आणि पटकथा त्याची व आर्थर सी. क्लार्कची मिळून. माणूस चंद्रावर उतरला तो त्याच्या पुढच्या वर्षी. (हे वाक्य मी लिहिलं असलं तरी आवाज रिमोटरावांचाच समजावा.) सिनेमा सुरू होतो तेव्हा जवळजवळ तीन मिनिटं पडदा नुसता काळा असतो आणि मागे अंगावर काटा आणणारं संगीत वाजत असतं. पहिल्याच शनिवारी, त्या काळ्या पडद्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “गेली का हो लाइट?” झालं. रिमोटरावांनी रिमोट उचलला. “जरा थांबवतो हं!” आणि त्यांनी काळा पडदा थांबवला.

थांबवलेला काळा पडदा आणि चालू असलेला काळा पडदा यांत डोळ्यांना काही फरक कळत नाही. त्यामुळे त्यांचं बोलणं कधी संपलं आणि सिनेमा पुन्हा कधी सुरू झाला, हे माकडं आली तेव्हाच समजलं.

या सिनेमात पहिली सुमारे २५ मिनिटं कुणी एक शब्दही बोलत नाही. ही गोष्ट रिमोटरावांनी आम्हांला सलग २५ मिनिटं समजावून सांगितली.

मग ते प्रसिद्ध हाड. आदिमानवाला हाडाचा हत्यार म्हणून उपयोग कळतो, तो आनंदानं ते आकाशात भिरकावतो, हाड गरगरत वर जातं आणि पुढच्याच क्षणी त्या जागी अवकाशात तरंगणारं यान दिसतं. सिनेमाच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत गाजलेला कट. “जरा थांबवतो हं!” हाड वरच राहिलं. काकू गरम बटाटेवडे घेऊन आल्या, तेव्हा हाड वर होतं. वडे संपले, चटणी संपली, दुसरा घाणा आला, हाड वर. क्युब्रिकनं चाळीसएक लाख वर्षं एका कटमध्ये ओलांडली. रिमोटरावांना तेवढंच अंतर कापायला पाऊण तास लागला, आणि त्यातही ते वाटेत १९४५ सालापाशी रेंगाळले. त्या वर्षी क्लार्कनं लेख लिहून दाखवून दिलं होतं, की विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल, आणि असे तीन उपग्रह साऱ्या जगाला टेलिफोन पुरवतील. इथे रिमोटराव उठून उभे राहिले. “आपल्या नारायणगावजवळच्या आर्वीची ती अवाढव्य अँटेना, तिचा आजा म्हणजे हे क्लार्कसाहेब!” आम्ही हाडाकडे बघत माना डोलावल्या.

यानात पेन तरंगतं, तिथेही थांबलो. पेन काचेला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं चिकटवलं होतं आणि काच फिरवली होती. आता हे कळल्यावर पेन पुन्हा तरंगेना. यानातल्या संडासाबाहेर बिनवजनाच्या अवस्थेत तो कसा वापरावा याचा भलामोठा फलक आहे. दिग्दर्शकानं तो क्षणभर दाखवलाय. रिमोटरावांनी चित्र थांबवून, मोठं करून, सगळ्या सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्या. दोन ज्येष्ठ सभासद मधेच उठून आत जाऊन आले.

पण सगळ्यांत कहर म्हणजे शांतता. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाज नाही, हे शास्त्र या सिनेमानं प्रामाणिकपणे पाळलंय. अंतराळवीर यानाबाहेर पडला की कानावर येतो फक्त त्याचा श्वास, कधी कधी तोही नाही. रिमोटराव इथे चित्र थांबवत नाहीत. ते नुसतं बोलतात. “ऐका! काही ऐकू येतंय? नाही ना? येणारच नाही! ही शांतता ऐकण्यासारखी आहे!” शेवटपर्यंत आम्हांला ती शांतता त्यांच्याच आवाजात ऐकावी लागली.

फक्त आजींनी ती खरी ऐकली. दुसऱ्या शनिवारपासून त्या आल्या आल्या कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळतात. पुढे हॅल नावाचा संगणक काचेआडून दोन अंतराळवीरांचे ओठ वाचतो आणि आपल्याला बंद करायचा बेत ओळखतो, तो प्रसंग फक्त आजींना लगेच समजला. “असंच करावं लागतं हो,” त्या म्हणाल्या. सगळ्या सोसायटीत या सिनेमावर मत देण्याचा अधिकार त्यांनाच आहे, आणि त्यांचं मत असं: “माकडं बरी होती. निदान एकत्र बसून खात होती. ही दोघं आपापल्या ताटासमोर टीव्ही बघत जेवतात.”

त्या ओठांच्या प्रसंगानंतर क्युब्रिकनं स्वतःच मध्यंतर ठेवलंय. तशी पाटीच येते. अख्ख्या सिनेमात थांबायची हीच काय ती अधिकृत जागा. रिमोटरावांनी बटण दाबून ती भर्रकन पुढे पळवली. “यात काही नसतं,” म्हणाले.

पहिल्या खेळांनंतर क्युब्रिकनं सिनेमा लांबला म्हणून साधारण १९ मिनिटं कापून टाकली होती. ती तूट आमच्याकडे पहिल्याच शनिवारी व्याजासकट भरून निघाली.

इथपर्यंत मी त्यांच्यावर मनसोक्त वैतागलेला होतो, आणि लिहायलाही तेवढ्यासाठीच बसलो. पण मग तो हॅलला बंद करायचा प्रसंग आला. एकटा उरलेला अंतराळवीर लाल प्रकाशातल्या खोलीत शिरतो आणि संगणकाच्या स्मृतीचे तुकडे एकेक करून सोडवायला लागतो. मी सवयीनं बशी खाली ठेवली. आता थांबणार. थांबलो नाही. बघतो तर रिमोट टीपॉयवर, आणि रिमोटराव गॅलरीत. रात्री साडेदहाला कुंड्यांना पाणी घालत होते.

“या वेळी ते बाहेरच जातात,” काकू म्हणाल्या.

त्यांच्याकडून कळलं ते एवढंच. रिमोटरावांची उमेदीची वर्षं एका जिल्ह्याच्या गावी, जुन्या स्ट्रॉजर एक्स्चेंजमध्ये गेली. गावात कुणीही डायल फिरवली की आत हजारो लोखंडी बोटं वर चढायची, फिरायची, खटखटायची. दिवसभर तो खडखडाट असायचा. घरी आल्यावरही हे मोठ्यानं बोलायचे, ते तेव्हापासून. कुठलं यंत्र अडखळतंय, हे त्यांना जेवताना टेलिफोनवर नुसतं कानानं समजायचं. नव्वदीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. नवं चालू करायचं आणि त्याच मिनिटाला जुनं तोडायचं, हे काम मध्यरात्री करतात, कारण तेव्हा फोन कमी असतात. ते यांच्याकडे होतं. एकेका रॅकचे फ्यूज काढत गेले. शेवटच्या रॅकनंतर घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं. पुढे ते लोखंड किलोच्या भावानं गेलं.

पडद्यावर हॅलचा आवाज जड होत, ओढत ओढत एक जुनं इंग्रजी गाणं म्हणत होता. आजींनी यंत्र कानात घातलं होतं.

रिमोटराव हात पुसत आत आले, रिमोट उचलला आणि म्हणाले, “जरा मागे घेतो हं! ते गाणं उगाच नाहीये. १९६१ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये आयबीएमच्या ७०४ नावाच्या संगणकाकडून हेच गाणं म्हणवून घेतलं होतं, आणि पुढच्या वर्षी क्लार्कसाहेबांनी ते स्वतः तिथे जाऊन ऐकलं!” मागे घेतलं ते गाणं संपल्यापासून गाणं सुरू होईपर्यंत. त्याच्या अलीकडे एक सेकंदही नाही. बरोबर कुठे थांबायचं ते त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

स्पष्टच सांगायचं तर माणूस असह्य आहे. पण एखाद्या यंत्राचं बोलणं बंद पडलं की काय होतं, हे त्याच्याइतकं आमच्या सोसायटीत कुणाला माहीत नाही, आणि त्यानं ते आम्हांला कधी सांगितलेलं नाही. हाडावर पाऊण तास बोलणाऱ्या माणसानं!

आता राहता राहिला शेवट. प्रकाशाच्या त्या लांबलचक बोगद्यातून अंतराळवीर जातो, तिथवर आम्ही पोचलोय. बोगदा कसा चित्रित केला, ते एकेक चित्र थांबवून झालं आणि अकरा वाजले. मी धीर करून विचारलं, “काका, पुढे होतं काय?” रिमोटराव पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, “ते सांगायचं नसतं. ते ज्याचं त्यानं बघायचं.”

बघू, म्हटलं. पण पुढच्या शनिवारी दुसऱ्या मजल्यावरचे नवीन भाडेकरू आले. नवीन माणूस आला की सिनेमा पहिल्यापासून लावायचा, हा रिमोटरावांचा नियम आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी त्या भाडेकरूंचे मेहुणे आले. हाड पुन्हा वर आहे.

तेव्हा वाचकांना हात जोडून विनंती. रिमोटरावांकडचे वडे चांगले असतात, हे खरं आहे. तरीही कृपा करून निदान दोन शनिवार कुणी नव्यानं येऊ नका. आजींचं वय ब्याऐंशी आहे, आणि त्यांना शेवट बघायचाय.