धाकट्या भावाचे हेरशास्त्र

जेम्स बाँडच्या यशावर हात शेकून घेण्यासाठी १९६० च्या दशकात इटली, स्पेन, फ्रान्स आदी देशांत जे स्वस्तातले हेरपट धडाधड निघाले, त्यांना चित्रपट-अभ्यासक ‘युरोस्पाय’ या नावाने ओळखतात. या वर्गातील ‘ओके कॉनरी’ हा १९६७ चा इटालियन चित्रपट, जो अमेरिकेत ‘ऑपरेशन किड ब्रदर’ म्हणून दाखवला गेला, प्रेक्षकमताच्या अभ्यासाला विशेष उपयोगी पडतो. कारण त्याच्याविषयी मत नसलेला प्रेक्षक मिळणे अवघड आणि त्याचे कथानक धडपणे सांगू शकणारा मिळणे त्याहून अवघड.

दिग्दर्शक आल्बेर्तो दे मार्तिनो यांनी नायक म्हणून निवडलेला नील कॉनरी हा पडद्यावरचा बाँड शॉन कॉनरी याचा सख्खा धाकटा भाऊ. तो एडिंबरामध्ये गिलाव्याचे काम करीत असे आणि पडद्यावर त्याला प्लास्टिक सर्जन करण्यात आले. यात विसंगती शोधणाऱ्यांनी दोन्ही धंद्यांत वरच्या थरालाच महत्त्व असते हे ध्यानात घ्यावे. पात्राचे नावही डॉक्टर नील कॉनरी असेच ठेवले आहे. हा डॉक्टर संमोहन जाणतो, ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखतो आणि धनुष्यबाणही चालवतो, तरी हेरखात्यात त्याचा खरा वशिला थोरल्या भावाचाच, ही गोष्ट चित्रपट लपवीत नाही. घराण्याच्या नावावर उमेदवारी मिळवणाऱ्यांत इतका प्रांजळपणा दुर्मीळ होय.

बहुसंख्य प्रेक्षकांचा आक्षेप असा की हा चित्रपट नकली आहे. वस्तुस्थिती तपासली तर बाँडचा वरिष्ठ ‘एम’ साकारणारे बर्नार्ड ली येथे जातीने हजर आहेत, ‘एम’ची चिटणीस मनीपेनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोइस मॅक्सवेल आहेत, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ची नायिका डॅनिएला बियांकी आहे, ‘थंडरबॉल’चा खलनायक अडोल्फो चेली आहे आणि ‘डॉक्टर नो’मधले अँथनी डॉसनही आहेत. इतकेच काय, अमेरिकेत त्याचे वितरण बाँडपटांच्याच वितरकाने, म्हणजे युनायटेड आर्टिस्ट्सने केले. म्हणजे दुकाने दोन, गल्ला एकच. इतका अस्सल ऐवज एकत्र करून त्याची नक्कल भासवणे हे सोपे काम नव्हे, आणि त्याचे श्रेय दिग्दर्शकाला कोणीच देत नाही.

दुसरा आक्षेप नायकाच्या निर्जीव बोलण्यावर घेतला जातो. त्या काळी इटालियन चित्रपटांत संवाद बहुधा चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रणगृहात भरले जात, ज्याला डबिंग म्हणतात, आणि इंग्रजी आवृत्तीत नीलच्या तोंडून येणारा आवाज त्याचा नाहीच. त्यामुळे त्याच्या संवादफेकीला लाकडी म्हणणारा रसिक एकाचे लाकूड दुसऱ्याच्या खात्यावर मांडत असतो.

सर्वांत कडक परीक्षक मात्र तर्कवादी. खलनायकाच्या चुंबकीय लहरींमुळे धातूची यंत्रे बंद पडतात, म्हणून नायकपक्ष धनुष्यबाण घेऊन चाल करतो, हे त्यांना हास्यास्पद वाटते. वास्तविक अख्ख्या चित्रपटात तर्काला पटावी अशी गोष्ट कदाचित एवढीच असेल. त्याच वर्षीच्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या बाँडपटामध्ये ज्वालामुखीच्या पोटात अग्निबाण उतरतो, आणि कलादिग्दर्शक केन अॅडम यांनी पाइनवुड स्टुडिओत सुमारे १० लाख डॉलर खर्चून उभारलेल्या त्या ज्वालामुखीसमोर हेच तर्कवादी तोंडात बोट घालतात. शक्याशक्यतेची सीमा निर्मितीखर्चाच्या प्रमाणात सरकते, असा नियम यावरून मांडता येतो. दहा लाखांचा मूर्खपणा भव्य ठरतो, काटकसरीचा मूर्खपणा तेवढा मूर्खपणा राहतो.

काळाच्या ओघात ‘इतका वाईट की चांगला’ म्हणणारा एक संप्रदायही निघाला. १९९३ मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने, ज्यात एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्यासमोर बसून चित्रपटाची टर उडवतात, या हेरपटावर एक भाग खर्ची घातला. तेव्हापासून पुष्कळांना मत बनवण्याचे कष्टही उरले नाहीत. पूर्वी तिकिटाचे पैसे वाया गेल्याची चिडचिड असे, आता तेच दृश्य पाहून खिदळण्यात अभिरुची सिद्ध होते, आणि दरम्यान चित्रपटातली एक चौकटही बदललेली नाही.

एन्नियो मोरिकोने व ब्रुनो निकोलाय यांच्या संगीताबाबत मात्र सारे पंथ एकमुखाने स्तुती करतात. चित्रपट डोळे मिटून पाहावा, असा त्याचा व्यवहारी अर्थ होतो.

या सगळ्या गदारोळात लोइस मॅक्सवेल यांचे मत सहसा कोणी विचारात घेत नाही. आपल्याला बाँडपटांपेक्षा या चित्रपटाने अधिक मानधन दिले, असे त्यांनी नंतर सांगितले होते.