सैल गाठ

आमच्या पेठेत कुणी गेलं की डॉक्टरनंतरचा पहिला फोन अण्णांना जातो. कधी कधी डॉक्टरच्या आधीच. पायात चपला सरकवता सरकवता अण्णा दोनच प्रश्न विचारतात: "पास काढला का?" आणि "कुणासाठी थांबायचंय?" मग बांबू, दोरी, मडकं, गोवऱ्या, पंचा असं सगळं तासाभरात दारात हजर. जन्मभर बँकेत कॅशियर होते, त्यामुळे मयताचा हिशेबही सुट्ट्या पैशांसकट मिळतो. तिरडीची गाठ मात्र दुसऱ्या कुणाला मारू देत नाहीत. "गाठ सैल बसली तर आयुष्यभराची नाचक्की," म्हणतात. कुणाच्या आयुष्यभराची, ते विचारायची सोय नसते.

२०१६ साली राजेश मापुसकरांचा 'व्हेंटिलेटर' हा सिनेमा आला, तेव्हा मी त्यांना बळेच नेलं. पडद्यावर गजूकाका अतिदक्षता विभागात, गणपती तोंडावर आणि कामेरकरांचा सारा गोतावळा इस्पितळात जमलेला. थिएटर खिदळत होतं आणि अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. सुतक! "चतुर्थीच्या आत गेला तर सगळ्यांचा गणपती बुडाला. दीड दिवस तरी कळ काढायला हवी ह्याने," मध्यंतरात वडा खाताना त्यांनी निकाल दिला. पुढे सिनेमाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "मिळणारच. नातेवाईक बरोबर घेतलेत."

समीक्षक ज्याला ब्लॅक कॉमेडी म्हणतात, ती अण्णांची रोजची ड्युटी. 'जाने भी दो यारों'मध्ये सतीश शहांच्या डिमेलोचं प्रेत द्रौपदी होऊन महाभारताच्या प्रयोगात उभं राहतं, तेव्हा १९८३ पासून लोक पोट धरून हसताहेत. अण्णांनी टीव्हीवर ते पाहून एवढंच विचारलं, "त्या डिमेलोला शेवटी पुरलं की नाही?"

पण 'व्हेंटिलेटर'मधली एक गोष्ट त्यांना डाचली. पूर्वी माणूस माजघरात जायचा. शेवटचं पाणी कुणी पाजलं, यावरून पुढे दहा वर्षं भांडणं चालायची. आता यंत्र बंद करायचं की नाही, यावर सही लागते आणि सही करणारा परदेशातून व्हिडिओ कॉलवर असतो. खांदा फक्त लिफ्टपासून शववाहिनीपर्यंत. तेवढ्यालाही चार माणसं जमेनात, म्हणून एकदा अण्णांनी सोसायटीच्या वॉचमनला आणि कुरिअरवाल्याला उभं केलं. कुरिअरवाल्याने आधी पार्सलवर सही घेतली.

२०२२ साली दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका कंपनीने अंत्यविधीच्या सेवेचा स्टॉल मांडला होता. सजवलेल्या तिरडीसकट. त्याचा फोटो मी अण्णांना मोबाइलवर दाखवला. खांदेकरीही पैसे मोजून मिळतात म्हटल्यावर ते खवळतील, अशी माझी अटकळ होती. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ न्याहाळला. "फुलं छान आहेत," म्हणाले. "पण गाठी झाकल्यात."

परवा त्यांनी मला घरी बोलावलं. एक लिफाफा दिला. आत त्यांच्याच सामानाची यादी, मोजलेले पैसे आणि वर पिनने टाचलेलं दुकानदाराचं कार्ड. मग दोन काठ्या जमिनीवर आडव्या टाकून तासभर मला गाठ शिकवली.

माझी अजून सैलच बसते.