शेठच्या सलूनचा भालदार

सर्कशीच्या खासगी रेल्वे डब्यांचे भक्त अमेरिकेत बऱ्याच गावी सापडतात. वय पासष्टच्या पुढे, डोक्यावर कधीच बंद पडलेल्या एखाद्या रेल्वे कंपनीची टोपी, खिशात मोजपट्टी. हा गृहस्थ पूर्वी विमा विकायचा की शाळेत गणित शिकवायचा, हे आता त्याचे त्यालाही आठवत नाही. फ्लोरिडात सारासोटाच्या रिंगलिंग म्युझियममध्ये जा. तिथे लोक रुबेन्सची चित्रे बघायला येतात. याच्या लेखी रुबेन्स म्हणजे सर्कशीच्या दालनाकडे जाताना वाटेत लागणारी अडचण.

समोरच्या वस्तूला चुकूनही ‘हा डबा’ म्हणू नका. ती ‘विस्कॉन्सिन’ आहे! सर्कसवाल्या जॉन रिंगलिंगसाठी पुलमन कंपनीने १९०५ साली बांधलेले सलून, लांबी ७९ फूट, वजन ६५ टन. नव्या सुनेचे माहेर, गोत्र आणि शिक्षण सांगावे तशा थाटात तो हे सांगतो. महॉगनीचे लाकूडकाम, रंगीत काचा, छतावरची सोनेरी नक्षी, शेठजींची निजायची खोली, जेवणघर, नोकरांची खोली. एवढ्यात एखादे पोर हमखास विचारते, “पण हत्ती कुठे बसायचा?” त्या क्षणी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पुढे विस्कॉन्सिनचे दिवस फिरले. रिंगलिंगांनी ती एका रेल्वे कंपनीला विकली आणि शेवटी नॉर्थ कॅरोलिनात तिचा मासेमारीच्या हौशी लोकांचा अड्डा झाला. महॉगनीला माशांचा वास लागला असेल, या विचाराने आमच्या भक्ताला आजही झोप येत नाही. डबा सोडवून, खरवडून, पुन्हा रंगवून उभा राहिला. पण बाहेरचा रंग नेमका कोणता असावा, यावरून दोन भक्तांनी वर्षभर अबोला धरल्याचे ऐकले तर मला नवल वाटणार नाही.

दुसरे सलून ‘जोमार’, १९१७ सालचे. जॉन आणि मेबल या नवराबायकोच्या नावांतून जमवलेले हे नाव. बंगल्यावर ‘सुमधुर’ची पाटी लावणाऱ्या आपल्या सुमन-मधुकरांना त्यात काही विशेष वाटू नये. जोमार फ्लोरिडाच्या दमट हवेत वर्षानुवर्षे गंजत पडली. तिचा विषय निघाला की हा टोपी काढतो आणि भंगारवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

हे सगळे मला मान्य आहे. लाकूड खरवडायला चिकाटी लागते, आणि हा माणूस ते फुकट करतो. पण त्याची भक्ती शेठच्या दाराशी येऊन थांबते. त्याच काळात तंबू ठोकणारे मजूर तीन मजली फळ्यांवर, एकेका फळीवर दोघे, असे झोपत. २२ जून १९१८च्या पहाटे इंडियानात हॅमंडजवळ हेगनबेक-वॉलेस सर्कशीची गाडी थांबली होती. मागून येणाऱ्या रिकाम्या लष्करी गाडीच्या ड्रायव्हरला डुलकी लागली. लाकडी डबे, रॉकेलचे दिवे; ८६ माणसे गेली. शिकागोजवळच्या दफनभूमीत त्यांतल्या कित्येकांच्या थडग्यांवर नावच नाही, कारण कालपरवा भरती झालेल्या मजुराचे नाव कुणाला ठाऊक असणार? त्या डब्यांना ‘विस्कॉन्सिन’सारखे नावही नव्हते आणि भक्तही नाहीत.

२०१७च्या मे महिन्यात रिंगलिंगच्या सर्कसगाडीचा शेवटचा दौरा संपला. जवळपास मैलभर लांबीची गाडी, कलावंतांची घरे, खाणावळीचा डबा, सगळेच विक्रीला निघाले. भक्ताने यादी मागवली, चष्मा पुसून वाचली, आणि “महॉगनी कुठेच नाही” म्हणून बाजूला ठेवली. बायकोने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. अंगणात मावेल असा डबा तो केव्हापासून शोधतो आहे.

सारासोटाला गेलात तर त्याला भेटा. नक्षीचे कौतुक करा, ७९ फूट ऐकून भुवया उंचावा, त्याचा जीव सुखावेल. मग हळूच विचारा, तंबू ठोकणारे कुठे झोपायचे? उत्तर त्याला पाठ आहे. कुणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही.