वायरवाले काकाजी

पुलगावची नगरपरिषद कुठे संपते आणि नाचणगावची ग्रामपंचायत कुठे सुरू होते, हे नवख्या माणसाला सांगूनही कळत नाही. पण तिथल्या कुठल्याही नव्या लेआऊटमध्ये शिरा, वीज कुणाच्या घरातून येते ते लगेच कळतं. आधी बांधलेल्या एका घराच्या खिडकीतून काळी वायर निघते, कडुनिंबाच्या फांदीला वळसा घालते, बांबूवर चढते, कुणाच्या तरी कपडे वाळवायच्या दोरीशी सलगी करते आणि अर्ध्या बांधलेल्या घरात उतरते. ती जिथून निघते तिथे काकाजी राहतात.

काकाजी बहुधा डेपोतून निवृत्त झालेले असतात. पुलगावात डेपो म्हटलं की एकच, सैन्याचा दारूगोळ्याचा. तिथे नोकरी काढलेल्या माणसाच्या अंगात दोन गोष्टी मुरतात, ठिणगीची धास्ती आणि रजिस्टर. निवृत्तीनंतर धास्ती कमी होते, रजिस्टर राहतं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्माला आली ती 2005 च्या जूनमध्ये. काकाजी अजून ‘बोर्ड’च म्हणतात. मात्र बोर्डापेक्षा आपला कारभार चोख, याबद्दल त्यांच्या मनात संशय नाही.

त्यांच्याकडे वीज मागायला जावं लागत नाही. भूमिपूजनाचा नारळ फुटतो न फुटतो तोच ते खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणतात, ‘‘टेंपररी कनेक्शनच्या भानगडीत कायले पडता भाऊ? रेट जास्त, कागद जास्त. आपला मीटर आहे ना.’’ वायर मात्र तुम्ही आणायची. आणि कंपनीची. मागच्या एकाने लोकल वायर आणली होती, त्याचं पुढे काय झालं हे ते सांगत नाहीत, नुसती मान हलवतात.

आपल्या मीटरवरून दुसऱ्याच्या जागेत वीज नेणं कायद्यात बसत नाही. विद्युत कायदा 2003, कलम 126, अनधिकृत वापर. सापडलं तर आकारणी दुप्पट दराने. काकाजींना हे कलम पाठ आहे. ते तुम्हाला ऐकवतातही, पण ते उपकाराचं वजन वाढवायला. ‘‘पाहा, तुमच्यासाठी किती रिस्क घेतो मी!’’

खरी मौज महिनाअखेरीला, हिशेबाच्या वेळी. घरगुती विजेचे पहिले 100 युनिट स्वस्त, आणि 101 पासून दर जवळजवळ दुप्पट, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण दोन घरं एका मीटरवर असली की 101 वा युनिट कुणाचा? यावर काकाजींचा निकाल लागलेला आहे. शंभरापर्यंतचे त्यांचे, वरचे तुमचे. त्यांच्या घरात 90 जळले आणि तुमच्याकडे 60, तर तुमच्या वाट्याला स्वस्तातले 10 येतात आणि महागातले 50. हेही समजण्यासारखं आहे; मीटर त्यांचा, मान त्यांचा. पण दिवाळीला त्यांच्या दोन्ही लेकी पोराबाळांसह येतात, गिझर-मिक्सर दिवसभर चालतो, त्यांचे एकट्याचेच 130 होतात. तरी वरचे 30 तुमच्याच नावावर. का? तर तुमची वायर नसती तर ‘लाइनवर एवढा लोड आलाच नसता’. याला उत्तर नाही. मी एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरला विचारून पाहिलं, तोही गप्प झाला.

सबमीटर लावून घेऊ का, असं विचारलं की काकाजींना मनापासून लागतं. ‘‘घरच्या माणसात मीटर?’’ ते मोजतात ते कानाने. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे 746 वॅट, तासाला पाऊण युनिट. तुम्ही स्लॅबवर पाणी मारायला मोटर लावली की तिकडे रजिस्टरमध्ये वेळ टिपली जाते. टाइल्सच्या कटरचा आवाज त्यांना दुपारच्या झोपेतही ओळखू येतो. याच्या उलट 9 वॅटचा बल्ब 111 तास जळला तर एक युनिट होतो, पण हा हिशेब ते करत नाहीत. तो त्यांना गरिबीचा वाटतो.

एकदा वायर घेतली की घरावर त्यांचा हक्क लागतो. ते फाटकातून येतात ते वर पाहत. ‘‘सूनबाई, या खोलीत दोन ट्यूब काऊन लावल्या?’’ मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना तुमच्याकडे कूलर सुरू झाला की त्यांच्या घरातला पंखा हळू होतो, असं ते सांगतात, होतोही असेल. रात्री साडेदहाला वीज जाते. ही महावितरणची नव्हे, काकाजींची. झोपायच्या आधी ते दार लावतात, गॅस बंद करतात, तुम्हाला बंद करतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुम्ही कुणाच्या सभेत बसला होता यावरही वायरचा जोड ढिला होणं अवलंबून असतं.

तरी माणूस वाईट नाही. तुमच्या घरचं लेकरू आजारी पडलं, तर रात्रभर वायर सुरू राहते आणि त्या रात्रीचं रजिस्टर कोरं असतं. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण तुम्ही कायमच्या मीटरचा विषय काढलात की त्यांचा चेहरा लेकीला सासरी धाडताना होतो तसा होतो. ‘‘इतक्यात कायले? वरचा मजला होऊ द्या, मग लोड एकदमच मागा.’’ तुम्ही त्यांना नियम दाखवता. केंद्र सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत ग्राहक हक्कांचे नियम बदलले. नवीन जोडणी महानगरात 3 दिवसांत, नगरपालिकेच्या हद्दीत 7, ग्रामीण भागात 15 दिवसांत द्यायची.

‘‘म्हणजे रस्त्याच्या तिकडं सात अन् इकडं पंधरा?’’

‘‘हो काकाजी.’’

‘‘हे पंधरा मोजाचे कुठून?’’

‘‘अर्ज पूर्ण झाल्यापासून.’’

‘‘अन् अर्ज पूर्ण कधी होते?’’

इथे तुम्ही हरता. अर्जासोबत घराचा नमुना 8 लागतो. त्यासाठी ग्रामपंचायतीत घराची नोंद हवी, नोंदीसाठी घर उभं हवं, घर उभं करायला वीज हवी आणि वीज काकाजींकडे आहे. त्यातून परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट हवा. खांब लांब असला, नवी लाइन ओढावी लागली, तर पंधरा दिवसांचा नियमही हात वर करतो. ‘‘आर्वीची बंद पडलेली छोटी रेल्वेगाडी पुन्हा सुरू होईल, मग तुमचा मीटर लागंल,’’ काकाजी म्हणतात आणि खुशीत चहा मागतात.

अर्ज भरला जातोच. डिमांड भरला जातो. आणि एका सकाळी शिडी घेऊन माणसं येतात, तेव्हा सगळ्यांच्या आधी खांबाखाली काकाजी उभे असतात, बनियनवर. अर्थिंग बरोबर आहे का, केबल किती चौरसची, सील नीट लावलं का, सगळं तेच विचारतात. मीटर लावणाऱ्यांना घर त्यांचंच वाटतं. मग तुम्हाला बाजूला घेऊन, ‘‘हा नवा मीटर लई जोरात फिरते म्हणतात. लक्ष ठेवा.’’ फिरणारी चकती जाऊन जमाना झाला, पण काकाजींच्या बोलण्यात मीटर अजून फिरतोच. आपली वायर ते स्वतः गुंडाळून नेतात. ती तुमच्या पैशाची होती, हे तुमच्या दोन दिवसांनी लक्षात येतं.

मग मृगाचा पहिला वारा सुटतो. डीपीवरचा एका फेजचा फ्यूज उडतो, आणि नेमका काकाजींचाच. अर्ध्या लेआऊटमध्ये अंधार, तुमची जोडणी दुसऱ्या फेजवर म्हणून तुमच्याकडे लखलखाट. थोड्या वेळाने फाटक वाजतं. काकाजी. एका हातात तीच काळी वायर, काखेत रजिस्टर.

‘‘लाइनमन येईपर्यंत, एवढ्या रातच्याला द्या भाऊ,’’ ते म्हणतात.

तुम्ही आनंदाने स्विचबोर्डाकडे बोट दाखवता, आणि इतक्या दिवसांची उधारी वळती करावी म्हणून हळूच विचारता, ‘‘हिशेब कसा करायचा काकाजी?’’

‘‘नियम एकच भाऊ, माणसं पाहून थोडीच बदलते,’’ खुर्चीवर बसून रजिस्टर उघडत ते म्हणतात. ‘‘शंभरापर्यंतचे माझे.’’