नदीकडची खोली, डबल बेड, शेजारी मराठी नकोत

बँकॉकला चाओ फ्राया नदीकाठी उतरायचं ठरवलेल्या समलिंगी जोडप्याला सगळे जाणकार एकच सल्ला देतात. हॉटेल ‘गे-फ्रेंडली’ आहे ना, तेवढं आधी विचारून घ्या. हे म्हणजे कोल्हापुरात जाऊन ‘इथे तांबडा रस्सा मिळेल का हो?’ असं विचारण्यापैकी आहे. जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला. आग्नेय आशियात हा पहिला नंबर त्यांचा. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथलं पर्यटन खातं ‘गो थाय, बी फ्री’ म्हणत आम्हाला हाका मारतंय. गल्लीतल्या साध्या गेस्टहाउसची मालकीणबाईसुद्धा दोन पुरुषांच्या हातात एक किल्ली ठेवताना टीव्हीवरची नजर काढत नाही.

मग रात्रीचे तीस-चाळीस हजार रुपये मोजायचे कशासाठी?

नदीसाठी म्हणाल, तर पाणी तपकिरी, त्यावर जलपर्णी. मुळा-मुठेकाठच्या माणसाने जलपर्णी बघायला जादा भाडं द्यावं, हे अर्थशास्त्रात बसत नाही. एकामागे एक बांधलेले मालवाहू तराफे ओढत नेणारी चिमुकली बोट, वाट अरुण मंदिराचं शिखर, हे सगळं सार्वजनिक बोटीतून मूठभर बाथमध्ये दिसतं. तर उत्तर सरळ आहे. महागड्या हॉटेलात आम्ही थाई लोकांच्या सहिष्णुतेसाठी राहत नाही, ती बाहेर फुकट मिळते. आम्ही पैसे भरतो ते मराठी माणसापासून अंतर राखण्याचे.

म्हणून किनारा नीट निवडायचा. पूर्वेला १८७६ सालापासूनचं ओरिएंटल, शांग्रिला, सातोर्नचा धक्का आणि त्याला लागून सफान ताक्सिन हे स्कायट्रेनचं स्टेशन. तिथून चौथं स्टेशन साला डेंग, आणि उतरलं की सिलोमच्या दोन आणि चार नंबरच्या गल्ल्या, जिथे आमच्या जातीचे प्रवासी संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून स्टुलांवर बसतात. सोय उत्तम. पण त्याच धक्क्यावर छत्री उंचावलेला गाइड आणि त्यामागे टोप्या घातलेले चाळीस आप्तेष्टही असू शकतात. पश्चिमेच्या थोनबुरी बाजूला १९९८ मध्ये उघडलेलं पेनिन्सुला आहे. खोल्या सगळ्या नदीकडे, यायला-जायला हॉटेलची बोट. मध्ये अख्खी नदी असल्यामुळे सुरक्षित वाटतं. रात्री आठच्या सुमारास जेवणाची क्रूझ खालून जाते आणि तिच्यावरून हिंदी गाणी थेट बाल्कनीत येतात, तेव्हा नदी किती अरुंद आहे ते कळतं.

आरक्षणाची कथा वेगळीच. थाई हॉटेल ‘डबल की ट्विन’ एवढंच विचारतं, आणि आपण सांगू ते लिहून घेतं. अडचण आपल्याकडच्या एजंटाची. माणूस मायाळू. दोन पुरुषांची नावं बघितली की आपणहून ट्विन करून टाकतो आणि वर फोन करून सांगतो, ‘सर, त्या लोकांनी चुकून डबल टाकला होता. मी भांडून बदलून घेतला.’ त्याचे आभार मानायचे, फोन ठेवायचा आणि बँकॉकला गुपचूप ईमेल करायची.

अर्जात ‘विशेष प्रसंग’ असा एक रकाना असतो. तिथे आम्ही बेधडक ‘हनिमून’ लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आम्हाला गुन्हेगारांच्या यादीतून काढलं आणि २०२३ मध्ये लग्नाचा विषय संसदेकडे टोलवला. लग्न नाही, त्यामुळे आमचा हनिमूनही संपत नाही. दर खेपेला पलंगावर टॉवेलचे हंस आणि टेबलावर छोटा केक. संसदेने घाई करू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.

ओरिएंटलचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. १९२३ मध्ये इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम तिथे मलेरियाने फणफणत पडला होता, आणि हा गृहस्थ आपल्या हॉटेलात मरू नये, एवढीच व्यवस्थापिकेची काळजी होती. आज त्याच हॉटेलात त्याच्या नावाचा सूट आहे. नाटककार नोएल कॉवर्डच्या नावाचाही आहे. दोघे आमच्यातले, आणि दोघांनीही ते शेवटपर्यंत चारचौघांत कबूल केलं नाही. मॉमबरोबर त्या प्रवासात जेरल्ड हॅक्स्टन हा त्याचा सोबती होता. पण १९३० मध्ये प्रवासाचं पुस्तक निघालं, त्यात मॉम जणू एकटाच फिरतो. इंग्लंडने समलिंगी संबंधांवरची बंदी उठवली १९६७ मध्ये, मॉम वारला १९६५ मध्ये. आता त्याच्या नावाच्या पलंगावर दोन पुरुष राजरोस झोपतात, मात्र भाडं बघून बहुतेकांची झोप उडते.

हॅक्स्टनची परंपरा आम्ही चालू ठेवली आहे. माझ्या फेसबुकवर मी वाट अरुणसमोर एकटा, होडीत एकटा, आंबा-भाताच्या ताटासमोर चमचे दोन असले तरी एकटा. फोटो कोण काढतं, हे अजून एकाही नातेवाइकाने विचारलेलं नाही. आईला सगळं ठाऊक आहे, असा आमच्या ह्यांचा दावा आहे. ती फोनवर फक्त म्हणते, ‘दोघांत एकच खोली घेतलीत ना? बरं केलंत. उगाच पैसे कशाला घालवायचे.’

आता अंतर राखण्याच्या योजनेचं काय झालं, ते. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला, आणि इकडे मराठी मध्यमवर्गाच्या हातात पैसा आला. दोन्ही गोष्टी देशाच्या दृष्टीने आनंदाच्याच. मागच्या खेपेला नदीकाठच्या न्याहारीत, पपईच्या फोडी उचलताना, मागून आवाज आला, ‘मराठी ना तुम्ही?’

काका-काकू होते. काकूंनी खुर्ची ओढली.

‘दोघे भाऊ का?’

‘नाही.’

‘मग ऑफिसचे?’

‘एकत्र राहतो आम्ही,’ आमचे हे म्हणाले. मी पळायची वाट शोधली, तर समोर नदी.

काकू जरा थांबल्या. ‘म्हणजे खोली एकच?’

‘हो.’

‘डबल बेड दिलाय?’

‘दिलाय.’

‘बघा! अहो, ऐकलंत का? यांना दिला. आणि आपल्याला दोन वेगवेगळ्या खाटा. पस्तीस वर्षं झाली हो लग्नाला! तुम्ही जरा बोलाल का काउंटरवर? तुमचं इंग्रजी बरं दिसतंय.’

काकांनी ऑम्लेटवरून मान वर न करता सांगितलं, ‘अगं, राहू दे ना. मला कधी नव्हे ती झोप लागली.’