स्कोनेचे वाडे आणि चव्हाट्यावरच्या भानगडी

ऐकलंत का? स्वीडनच्या अगदी दक्षिण टोकाला स्कोने नावाचा समुद्रकाठचा मुलूख आहे. तिथल्या चांगल्या घरच्या माणसांना वाडे बघायचं वेड लागलंय. मे महिना आला, अंगाला जरा ऊन लागलं, की थर्मास, पोरंबाळं आणि म्हातारी आई गाडीत कोंबायची आणि थेट परक्याच्या दारात जाऊन उभं राहायचं! परक्याच्या म्हणजे खरोखरच परक्याच्या. या भागात जुने वाडे, गढ्या, किल्ले पावलोपावली आहेत आणि त्यांतल्या कितीतरी वाड्यांत आजही कुटुंबं नांदतात. स्वीडनमध्ये रानावनातून हिंडायचा हक्क सगळ्यांना असतो, पण कुणाच्या अंगणापाशी तो संपतो. म्हणून ही मंडळी फाटकाबाहेर उभी राहतात, माना उंच करतात आणि खिडक्या मोजतात. खिडक्या! आपल्या आळीत असं कुणी केलं असतं तर?

बरं, बघायला जातात ते काय? शौर्य? इतिहास? नाव नको. सगळा ओढा भानगडींकडे.

क्रिस्टियनस्टाडजवळच्या ट्रोल्ले-युंगबीच्या वाड्याचंच घ्या. तिथे एक शिंग आणि एक शिट्टी जपून ठेवलीय. दंतकथा अशी, की पंधराव्या शतकाच्या अखेरीला नाताळच्या रात्री जवळच्या एका मोठ्या शिळेखाली राक्षसांची मेजवानी रंगली होती. वाड्याच्या मालकिणीला राहवेना. तिने गड्याला घोड्यावर बसवून पाठवलं, जरा बघून ये म्हणाली. राक्षसांनी त्याला शिंगातून पेय दिलं. पठ्ठ्याने पेय मागे उडवलं आणि शिंग-शिट्टी घेऊन जी टाच मारली ती वाड्यापर्यंत! म्हणजे पाहुण्याने यजमानाची भांडी पळवली. आणि तो ऐवज दडवून ठेवायचा सोडून उन्हाळ्यात खिडकीत मांडतात हो, लोकांनी बघावा म्हणून. आणि लोक बघतात! चोरीचा माल बघायला तिकडे आजीसुद्धा नातवाला कडेवर घेते.

आता वेन बेटाचं ऐका. लँड्सक्रोनाहून बोट सुटते, बेटावर उतरलं की पिवळ्या सायकली भाड्याने घ्यायच्या आणि निघायचं ट्युको ब्राहेच्या घरी. मोठा खगोलशास्त्रज्ञ, प्रश्नच नाही. डेन्मार्कच्या राजाने, तेव्हा हा मुलूख त्याचाच होता, १५७६ साली अख्खं बेट त्याच्या पदरात टाकलं. दुर्बीण जन्माला यायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी आणि स्वतः घडवून घेतलेल्या यंत्रांनी त्याने ताऱ्यांची जी मोजमापं घेतली, त्यांच्या आधारावर पुढे केप्लरने ग्रहांच्या गतीचे नियम मांडले. पण सायकलवरून घाम गाळत आलेल्या पाहुण्याला विचारायचं असतं वेगळंच. नाकाचं काय हो?

तर नाकाचं असं. १५६६ साली, विशीत असताना, रोस्टॉकला एका नातेवाइकाशी वाजलं. गणितावरून वाजलं म्हणतात! तलवारी निघाल्या आणि नाकाचा तुकडा गेला. पुढे जन्मभर धातूचं नाक लावून हिंडला. ते सोन्या-चांदीचं, अशी बोलवा होती. शेवटी शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रागमधली त्याची कबर उघडली, हाडं तपासली आणि निकाल दिला: पितळ! चार शतकं मिरवलेला तोरा असा उतरला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. त्याच्याकडे पाळलेला मूस होता. हे घोड्याएवढं धिप्पाड हरीण एका जर्मन सरदाराला भेट म्हणून द्यायचं घाटत होतं. मध्येच लँड्सक्रोनाच्या गढीत मुक्काम पडला. मूस जिना चढून वर गेला, पोटभर बिअर प्यायला, उतरताना कोसळला, पाय मोडला आणि मेला. हे ब्राहेच्याच पत्रव्यवहारातून बाहेर आलंय, मी पदरचं काही घालत नाही. तरी राहिलंच की: गडी माणूस ठेवावा तसा एक बुटका विदूषक जेवणाच्या टेबलाखाली बसवायचा, घराच्या तळघरात कुळांना डांबायला कोठडी, आणि बायको साध्या घरची, म्हणून पोरांना बापाची सरदारकी नाही. त्याचं हे घर, उरानिबोर्ग, त्याच्यामागे पाडलं गेलं. जमिनीवर आता बाग आणि खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण मुसाची गोष्ट बघा, एक चिरा ढळला नाही तिचा!

माल्मोला या. माल्मोहूसच्या किल्ल्यात आज संग्रहालय आहे, मत्स्यालय आहे, शाळेच्या सहली आहेत. आणि सहलीतल्या बाईंना मुलांपुढे कसं सांगावं कळत नाही असा एक कैदीही इथे होऊन गेला: स्कॉटलंडच्या मेरी राणीचा तिसरा नवरा, अर्ल ऑफ बॉथवेल. राणीच्या दुसऱ्या नवऱ्याच्या खुनाचा संशय याच्यावर, आणि तीन महिन्यांत हाच राणीचा नवरा! १५६७ साली स्कॉटलंडमधून पळाला, नॉर्वेत बर्गेनला लागला आणि तिथे कोण भेटावं? आना थ्रोंडसेन. हिला त्याने पूर्वी लग्नाची आशा लावून पैशाला बुडवलं होतं. बाईने सोडलं नाही, थेट फिर्याद ठोकली. स्कॉटलंडच्या फौजांना जे साधलं नसतं ते एका फसवलेल्या बाईच्या कागदाने साधलं. तो अडकला तो अडकलाच. डेन्मार्कच्या राजाने त्याला १५६८ ते १५७३ माल्मोहूसला ठेवलं, मग दुसऱ्या किल्ल्यात हलवलं, तिथेच १५७८ साली गेला. मी तर म्हणते, माल्मोहूसच्या दारात पुतळा उभारायचाच झाला तर आनाबाईंचा उभारा.

पण पापाची खरी पेठ म्हणजे उत्तरेला कुल्लाबेर्गच्या पायथ्याचं मोल्ले गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बाया आणि पुरुष एकत्र, एकाच समुद्रात, एकाच वेळी आंघोळीला उतरायचे. शिव शिव! गुडघ्यापर्यंतचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे होते म्हणा, पण समुद्र एकच ना! बोंब इतकी झाली की १९०७ साली खुद्द जर्मनीचा कैसर येऊन गेला आणि १९१० साली आगगाडी आल्यावर बर्लिनहून सरळ मोल्लेला डबे लागायला लागले. युरोपभर नाकं मुरडली गेली आणि हॉटेलं भरली.

त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला १९८० साली लार्स विल्क्स या कलावंताने समुद्राने टाकलेली लाकडं ठोकून ठोकून मनोरे उभे केले, परवानगी न घेता. जागा इतकी अडनिडी की सरकारला दोन वर्षं पत्ताच नाही. मग खटले, दंड, पाडायचे हुकूम. त्याने काय करावं? १९९६ साली तेवढ्या जागेचं स्वतंत्र राष्ट्र जाहीर करून टाकलं! अनधिकृत बांधकाम वाचवायची ही युक्ती आपल्याकडच्या बिल्डरांच्या कानावर जाऊ देऊ नका.

त्यातल्या त्यात सोज्वळ म्हणजे हेल्सिंगबोर्गचं सोफिएरो. १९०५ साली युवराज गुस्ताफ आडोल्फ आणि मार्गारेट यांना लग्नात मिळालेला वाडा. दोघांनी हौसेने बाग केली. ती १९२० साली गेली, तो पुढे राजा झाला, पण ऱ्होडोडेंड्रॉन लावायचं काही सोडलं नाही. १९७३ साली नव्वदीत गेला तेव्हा वाडा शहराच्या नावावर करून गेला. राजाने वाडा नगरपालिकेला द्यावा, हे ऐकून किती घरचे वारस दचकले असतील!

हे सगळं इथेच का पिकतं, ते ग्लिमिंगेहूसला गेल्यावर कळतं. ही दगडी गढी येन्स होल्गरसेन उल्फस्टांड या डॅनिश सरदाराने १४९९ साली बांधायला घेतली. भिंती पुरुषभर जाड, शत्रूला चकवायला जागोजागी सापळे. १६५८ च्या तहात स्कोने डेन्मार्ककडून स्वीडनकडे आलं. पुढे युद्ध पेटलं आणि गढी डॅनिशांच्या हाती पडू नये म्हणून १६७६ साली स्वीडनच्या राजाने ती पाडायचा हुकूम सोडला. पाडणं काही जमलं नाही. मग तिचं धान्याचं कोठार झालं, उंदीर माजले. लेखिका सेल्मा लागरलोफने नील्स नावाच्या पोराच्या प्रवासाच्या पुस्तकात याच गढीत काळ्या-करड्या उंदरांची लढाई लावली. बांधली डॅनिशांनी, पाडायला निघाले स्वीडिश, आणि आज ती जपतं कोण? तेच स्वीडिश सरकार! आता इथल्या वाटाड्याने जयजयकार करायचा तरी कुणाचा? जिंकलेल्याचा केला तर आजोबा रागावतात, हरलेल्याचा केला तर सरकार. मग बिचारा भानगडी सांगतो. त्यात कुणाचाच पक्ष घ्यावा लागत नाही आणि हशा दोन्हीकडून येतो.

लुंड-माल्मोकडे नोकरीला असलेली आपली मराठी मंडळीही या नादाला लागली आहेत. पाहुणा आला की कोपनहेगनच्या विमानतळावरून पूल ओलांडून घरी, आणि दुसऱ्या दिवशी वाड्यावर. तुम्हीही जाणार असाल तर मे-जूनमध्ये जा, तेव्हा सोफिएरो फुललेलं असतं. हिवाळ्यात पुष्कळ दारं बंद असतात, आधी चौकशी करा. खाजगी वाड्याच्या फाटकाआत पाऊल टाकू नका. आणि वाटाड्याला सनावळ्या विचारत बसू नका. त्या फलकावर लिहिलेल्या असतात. भानगड विचारा.